कौसाआक्कांची धडधड

कौसाआक्का माणूस ओळखायच्या तो भाकरी कशी मोडतो यावरून. कडेनं मोडणारा सावध, मधून मोडणारा घाईचा. आणि भाकरी हातात आल्यावर आधी उलटी करून बघणारा त्यांच्या मते लग्नाच्या लायकीचा नव्हता. "त्यो बायकोला बी अशीच उलटीपालटी करून बघंल," असं त्या म्हणायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात बसून जेवले तेव्हा भाकरी कशी मोडली ते मला आठवत नाही. त्यांनी मात्र बघितलं असणार, कारण नंतर त्या आईला म्हणाल्या, "तुमची मनी भाकरीला बी इचारून हात लावती. कॉलेजात कसं व्हायचं हिचं?"

शिक्रापूरला हायवेपासून जरा आत आमच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. समोर सामाईक नळ, मागं ऊस. दोन खोल्यांमधली भिंत इतकी पातळ की पलीकडं फोडणी पडली की आमच्याकडं शिंका यायच्या. त्या भिंतीपलीकडं आक्का आणि त्यांचे नवरे भिवाआप्पा राहायचे. एकुलती एक मुलगी लग्न होऊन बारामतीकडं गेलेली. आप्पा एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते आणि आक्कांनी दारात पाटी लावली होती, 'गरम भाकरी मिळेल'. खोल्या घेऊन राहणारी कंपन्यांतली पोरं शिफ्टला जाता-येता त्यांच्याकडून भाकरी न्यायची. त्यामुळं थापण्याचा आवाज दिवसभर चालूच असायचा. त्या आवाजात मी अभ्यास केला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. अभ्यासाला शांतता लागते हे घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

बनियनवर भाकरी न्यायला आलेल्याला त्या भाकरी द्यायच्या नाहीत. "जा, सदरा घालून ये. मी काय तुझी आय हाय व्हय?" पोरगा सदरा घालून आला की म्हणायच्या, "आता बस हितं. कालवण बी हाय." आमच्या रांगेत बिहारचा रामप्रवेश राहतो. तो भाकरीची गुंडाळी करून चहात बुडवायचा. आक्कांना ते बघवत नसे. "ए रामपरवेस, ये भाकरी है, रोटी न्हाई. इसको गुंडाळ के मत खाव, इसको बुरा लगता है." तो म्हणायचा, "आक्का, आपकी भाकरी को बहुत जल्दी बुरा लगता है." मग त्या उलथनं उगारायच्या आणि त्याच्या ताटलीत आणखी एक भाकरी टाकायच्या.

त्या मूळच्या दौंडकडच्या. माहेर धनगराचं. लहानपण वडिलांच्या मेंढरांमागं चालण्यात गेलं. आता त्यांच्या भावाकडं एकही मेंढरू नाही, दौंडला स्लॅबचं घर आहे. पण आक्कांच्या बोलण्यात मेंढरं राहिलीच होती.

एका दुपारी पलीकडचा आवाज मधेच थांबला. थोडा वेळ वाट बघून मी गेले. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक हात पिठाचा, एक छातीवर. तवा नुसताच तापत होता.

"काय झालं आक्का?"

"काय न्हाई. मेंढरं बुजली."

मी दारातून बाहेर बघितलं. त्या तशातही हसल्या. "तिकडं न्हाई गं बये. हितं." आणि त्यांनी छातीवर बोट टेकवलं.

मग श्वास घेत घेत त्यांनी सांगितलं. "कळप निवांत चरत असतो बघ. लांडगा नसतो, कुत्रं नसतं. एकच मेंढरू मान वर करतं आन् पळत सुटतं. मग समदी. एका दिशेला पळाली तर बरं, पर ती पांगत्यात. एक हिकडं, दोन तिकडं. मधीच उभी ऱ्हात्यात, परत पळत्यात. तसं व्हतं."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करायचं? आपुन बी पळालं तर आणखी बुजत्यात. दम धरून बसायचं."

त्यांनी गार पाणी तोंडावर मारलं, डोळे मिटून बसल्या. बऱ्याच वेळानं पदरानं मान पुसली आणि उठल्या. "चल. तवा जळला माझा."

हे कधीपासून चाललं होतं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कधी महिनाभर काही नाही, कधी आठवड्यात दोनदा. ज्याला सांगावं त्याचं निदान तयार असायचं. नळावरच्या बायका म्हणायच्या पित्त. आई म्हणायची अंगात रक्त नाही. चौकातल्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या. आप्पा म्हणायचे, "मनाचं हाय तिचं. टेन्शन घेती. पोरीचं टेन्शन, पिठाचं टेन्शन. भिऊन राहती आतल्या आत."

पित्त म्हटलेलं आक्कांना चालायचं. अशक्तपणाही चालायचा. भीती म्हटलेली मात्र त्यांना सहन व्हायची नाही. एकदा मला म्हणाल्या, "आमची आय अशीच छाती धरून बसायची. समदी म्हणायची भित्री हाय, वारं आलं तरी भिती. एक दिवस बसली ती उठलीच न्हाई. तिच्या छातीत काय व्हतं त्ये कुणी बघितलं का? न्हाई. भ्याली आन् मेली, एवढंच म्हणत्यात अजून. माझं मला बघायचंय, मने. काय हाय त्ये कुणीतरी बघून सांगावं."

त्या भित्र्या नव्हत्या याला आमची सगळी रांग साक्षी आहे. आमच्याकडं उसात बिबट्या असणं ही आता बातमी राहिलेली नाही. पण एके दिवशी तो ऊस सोडून नळाच्या मागच्या बांधावर येऊन बसला, चांगला उजेड असताना. क्षणात नळ मोकळा झाला. सगळी माणसं खोलीमालकाच्या बंगल्याच्या गच्चीवर. आप्पा ड्यूटीला निघाले होते, अंगात वर्दी होती, तेही गच्चीवर गेले आणि तिथून जोरजोरात शिट्टी वाजवायला लागले. खाली राहिल्या एकट्या आक्का.

"अगं ये की वर!" आप्पा शिट्टी काढून ओरडले.

"कशी येऊ? तव्यावर भाकरी हाय!"

मग त्या परात आणि उलथनं घेऊन बाहेर आल्या आणि बांधाच्या दिशेनं चालत गेल्या. "हाड! हाड! माझ्याकडं कोंबडी न्हाई की शेरडू न्हाई, कशाला आलायस?" परात अशी बडवली की हायवेवर ऐकू गेली असेल. बिबट्या उठला, अंग ताणलं आणि काही झालंच नाही अशा चालीनं उसात गेला. आक्का परत आल्या, भाकरी उलटली, म्हणाल्या, "करपली जरा." आप्पा खाली उतरले तसा त्यांच्यापुढं तांब्या ठेवला. "पाणी प्या. लय शिट्टी वाजवली तुमी, दम लागला असंल."

मी त्यांना हळूच विचारलं, "तेव्हा छातीत काही झालं का?"

"काय सुदीक न्हाई. गपगार व्हतं समदं."

आणि त्यानंतर काही दिवसांनी, अंगणात बसून ज्वारी निवडताना, कशाचं काही कारण नसताना, ती धडधड सुरू झाली आणि दिवस मावळेपर्यंत थांबली नाही. त्या संध्याकाळी आप्पा पुन्हा टेन्शन म्हणाले. आक्का म्हणाल्या, "बिबट्याला न्हाई भ्याले, आन् ज्वारीला भ्याले व्हय?"

पण दाखवायला जावं तर पंचाईत अशी की दवाखाना येईपर्यंत सगळं थांबलेलं असायचं. आमच्या चौकात कंटेनरच्या रांगा लागतात, रिक्षा तिथंच अडकायची. आक्का आत छाती धरून बसलेल्या आणि कंटेनरवाल्यांना शिव्या देत असलेल्या. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत छाती शांत. ईसीजी काढला की सरळ, स्वच्छ. एकदा तर त्या उठायलाच तयार होईनात. ईसीजी काढणाऱ्या नर्सला म्हणाल्या, "थांब जरा. आत्ता येईल परत." एसटीची वाट बघावी तशा बाकावर बसून राहिल्या. मग त्यांना वाटलं आपणच धडधड बोलवावी. जिना चढल्या, उतरल्या, परत चढल्या. कम्पाउंडर वैतागून म्हणाला, "आक्का, जिना झिजंल आमचा." शेवटी दवाखाना बंद व्हायची वेळ झाली. धडधड आली नाही. घरी येऊन त्यांनी पीठ मळायला घेतलं आणि ती आली.

शिरूरला हृदयाचे डॉक्टर आहेत असं कळलं तेव्हा त्या माझ्याबरोबर निघाल्या, कारण माझं कॉलेज शिरूरला. आप्पाही आले. मला इंग्रजी येतं असा दोघांचा समज होता. मी तो मोडला नाही.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. धडधड कशी सुरू होते, हळूहळू की एकदम, चक्कर येते का, दम लागतो का, झोप कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणाले, "चहा किती होतो मावशी?"

"येईल त्याच्यासंगं घोट घोट."

"आणि येतात किती?"

"भाकरी न्यायला येणारी समदी की."

डॉक्टर हसले. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली की मी चकित झाले. टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि म्हणाले, "धडधड होते तेव्हा ठोके कसे पडतात, ते इथं वाजवून दाखवा."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग पदर सावरून तळहातानं टेबलावर थापायला लागल्या. "ही रोजची," त्या म्हणाल्या. थाप, थाप, थाप, एका चालीत. "आन् ही धडधडतं तवाची." मग हात भलतीकडं पळायला लागला. दोन जवळजवळ, एक लांब, तीन एकदम, मग थांबला, मग पुन्हा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कुठंच एक चाल नाही?"

"न्हाई सायेब. पांगत्यात."

त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. हृदयात ठोक्याची वीज एका ठरलेल्या जागेतून निघते. कधी एखादा ठोका आधीच पडतो, तो पुष्कळांना जाणवतो आणि बहुतेक वेळा त्यात काही नसतं. भीतीनं धडधडतं, रक्त कमी असलं तर धडधडतं, थायरॉईडमुळंही. पण आक्कांनी वाजवलं तसं खरंच होत असेल, तर हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात, रक्त आत रेंगाळतं, गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडं गेली तर...

"लकवा," आक्का म्हणाल्या.

"हो. त्याला औषध आहे, रक्त पातळ करायचं. पण ते मी नुसत्या थापण्यावरून देऊ शकत नाही मावशी. ते होत असताना मशीनमध्ये सापडलं पाहिजे."

"म्हंजी ह्ये भ्याल्यामुळं न्हाई?"

"सापडलं की सांगतो."

बाहेर आल्यावर आक्का एवढंच म्हणाल्या, "ऐकलं का? 'भ्याली' म्हणाला न्हाई त्यो." त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. लकव्याचं नाव ऐकून आलेलं माणूस इतकं हलकं कसं दिसू शकतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, हृदयाची सोनोग्राफीही. मग मशीन लावायचं ठरलं. त्याला हॉल्टर म्हणतात. छातीवर वायरी चिकटवायच्या, कमरेला डबी, आणि एक दिवस एक रात्र ते अंगावर वागवायचं. ठोकान् ठोका त्यात उतरतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज करता ते सगळं करा. मशीन बांधणारा मुलगाही म्हणाला, "रोजच्यासारखं राहा मावशी. फक्त पाणी लागू द्यायचं नाही, वायरी ओढायच्या नाहीत, मशीन फार महागाचं आहे." मी तिथून परीक्षेला गेले. आप्पा आक्कांना घेऊन घरी आले, आणि एवढ्या वाटेत आप्पांच्या डोक्यात बाकी सगळं मागं पडून महागाचं मशीन तेवढं उरलं.

पुढचं मी संध्याकाळी येऊन बघितलं आणि बाकीचं आईकडून ऐकलं.

भाकरी म्हणजे पाणी. भाकरी म्हणजे जाळ, पीठ, दोन्ही हात, आणि हात हलले की वायरी हलणार. म्हणून आप्पांनी आल्या आल्या दारातली पाटी उलटी केली. त्या दिवसाच्या भाकऱ्या आईनं आणि पलीकडच्या दोघींनी वाटून घेतल्या. नळावरून पाणी रामप्रवेशनं भरलं. मोबाईलच्या लहरींनी मशीन बिघडेल म्हणून आक्कांचा फोन आमच्या खोलीत आणून ठेवला. चहाबद्दल डॉक्टरांनी विचारलं होतं, म्हणून चहा बंद. एकीनं शिरा करून आणला, एकीनं तूप-भात. आक्कांनी सणाला नेसायचं लुगडं काढलं होतं. आई म्हणाली तसलं कशाला, तर म्हणाल्या, "त्ये मशीन समदं बघतंय आतलं. त्याच्यापुढं पिठाच्या हातानं बसू व्हय?" खाटेवर उशी टेकून त्या बसल्या होत्या आणि बाळंतिणीला भेटायला यावं तशा बायका येऊन बसत होत्या. दुपारी त्या झोपल्या. आक्का दिवसा झोपलेल्या आमच्या रांगेत कुणी बघितल्या नव्हत्या.

मी आले तेव्हा त्या नुकत्या उठल्या होत्या. केस विंचरलेले, चेहरा टवटवीत. "मने, बघ, राणी झाले मी," म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. कुणाचंच काही चुकतंय असं तेव्हा मला वाटलं नाही. आजही तो दिवस आठवला की आधी तो शिराच आठवतो, आणि सगळ्यांचं एकमेकांच्या घरात चाललेलं येणं-जाणं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी पानं उलटली. "त्या दिवशी त्रास झाला?"

"न्हाई," आक्का म्हणाल्या.

"काम किती केलंत?"

आप्पा पुढं सरसावले. "कामाला हात लावू दिला न्हाई सायेब! इचारा हिला. पाण्याचा तांब्या बी आमी हातात दिला."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावले नाहीत. "अहो मामा, मला त्यांचा कामाचा दिवस बघायचा होता. हा रिपोर्ट चांगला आहे, पण हा त्यांच्या आरामाचा रिपोर्ट आहे. पुन्हा लावू. या वेळी जास्त दिवसांचं लावू. मावशी, भाकऱ्या थापायच्या, चहा प्यायचा, भांडायचं असेल तर भांडायचं. आणि मधेच धडधड झाली तर माझ्याकडं येत बसू नका, जिथं जवळ ईसीजी निघेल तिथं पळा."

आक्का "व्हय" म्हणाल्या. त्यांना पुन्हा लावायचं होतं, हे मी खात्रीनं सांगते. परतीच्या एसटीत त्या आप्पांना म्हणत होत्या की पुढच्या सोमवारी लावू. आप्पा म्हणाले, "कशाला? एवढं महागाचं मशीन, त्यानं सांगितलं ना काय न्हाई म्हणून?"

पण त्यांचं मन फिरलं ते आप्पांमुळं नाही. नळावर बायकांची थट्टा सुरू झाली होती. वाईट मनानं कुणी बोलत नव्हतं. ज्यांनी शिरा आणला त्याच बोलत होत्या. "मशीन लावून काय निघालं गं?" "काय निघतंय? आक्काला झोप पायजे व्हती दुपारची." "आमाला बी लावा की मशीन, आमी बी खातो शिरा." सगळ्या हसल्या. आक्काही हसल्या, हंडा उचलला आणि खोलीत गेल्या. त्या सोमवारी मी शिरूरला जाताना त्यांना हाक मारली तर त्या पीठ चाळत होत्या.

"न्हाई गं. परत लावलं तर म्हणतील, हिला खाटंवर बसायची चटक लागली."

त्यानंतर त्या धडधडीबद्दल बोलायच्या बंद झाल्या. भिंतीपलीकडं आवाज मधेच थांबायचा ते मला ऐकू यायचं. मी हाक मारायचे, "आक्का?" पलीकडून उत्तर यायचं, "काय न्हाई, पीठ संपलं." एकदा मी सरळ आत गेले. त्या गार पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून बसल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले.

"चला. चौकातच निघतो ईसीजी. आत्ताच्या आत्ता."

"नको."

"डॉक्टर म्हणाले होते आक्का."

"मशीन बोललंय ना एकदा. दिवस-रात्र छातीला लावून बघितलं, त्याला काय बी दिसलं न्हाई. म्हंजी न्हाईच काय." त्या थांबल्या, श्वास घेतला. "माझं मनच भित्रं झालंय, मने. आयवर गेले मी."

त्या दिवसाचं मशीन त्या दिवसाचंच सांगेल, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मला त्यांच्याशी वाद घालणं जमलं नाही. स्वतःच्या छातीत जे चाललंय त्यापेक्षा त्या कागदावर त्यांचा विश्वास बसला होता. ज्या बाईनं दवाखान्याचा जिना झिजवला होता, तिनं आता स्वतःवरच तो शिक्का मारून घेतला होता. मी लहान होते आणि मला त्यांच्याइतकं मोठ्यानं बोलता यायचं नाही.

पुढं उन्हाळा लागला. मी कॉलेजात होते, आईचा फोन आला. सकाळी आक्कांच्या खोलीतून करपल्याचा वास येत होता. आई गेली तर आक्का परातीशेजारी कलंडलेल्या. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात पिठात तसाच. त्या काहीतरी सांगत होत्या पण शब्द होत नव्हते. रामप्रवेशनं त्यांना उचलून टेम्पोत घातलं. आप्पा गेटवरून वर्दीतच धावत आले. पुण्याकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं ईसीजी काढला. धडधड अजून चालूच होती. या वेळी ती कंटेनरच्या रांगेतही थांबली नाही आणि दवाखान्याच्या पायरीवरही नाही. कागदावर ठोके वेडेवाकडे, कुठंच एक चाल नसलेले. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयात गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली.

मी भेटायला गेले तेव्हा आप्पा वॉर्डाच्या दाराशी तो ईसीजीचा कागद हातात घेऊन बसले होते. येईल त्याला दाखवत होते, आक्कांच्या भावाला, भावकीतल्यांना, वॉर्डबॉयलासुद्धा. "हे बघा. हितनं हितपतूर. खरं व्हतं तिचं." आक्कांना जरा शुद्ध आली तसा आप्पांनी कागद त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "घावलं बघ कौसा. घावलं." आक्कांनी त्याकडं बघितलं की छताकडं, ते सांगता येत नाही.

शिक्रापूरची खोली त्यांनी सोडली. आप्पांनी नोकरी सोडली. दोघं दौंडला आक्कांच्या भावाच्या घरी राहायला गेले. खोलीत आता एक कंपनीतलं जोडपं आलंय, त्यांच्याकडं मिक्सर चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला जाऊन आले. न्हावरा, केडगाव, चौफुला करत एसटीनं बराच वेळ लागतो. घर रेल्वेच्या रुळांपासून लांब नाही. मालगाडी गेली की भांडी हलतात. आक्का ओसरीवर खुर्चीत होत्या. केस फार पांढरे झालेले. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. मला बघून त्यांनी डावा हात वर केला. बोलता थोडंच येतं. "व्हय", "बास", "आण", असे मोजके शब्द आहेत, त्यातच सगळं. आप्पांनी केलेली भाकरी मला वाढली. आक्कांनी ती डाव्या हातानं चाचपली आणि म्हणाल्या, "जाड." आप्पा म्हणाले, "रोज ह्योच शब्द. दुसरा शिकंना." आम्ही तिघंही हसलो. आक्कांचं हसू एकाच बाजूला येतं.

जेवणानंतर आप्पा मला म्हणाले, "मने, ती सांगत व्हती आन् मी..." आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. "बास," म्हणाल्या.

मला सोडायला दोघं एसटी स्टँडवर आले. आक्कांना रोज थोडं चालायला सांगितलंय. काठी डाव्या हातात, आप्पा उजव्या बाजूला. स्टँडवर पोचल्यावर त्या बाकावर बसल्या आणि आप्पांनी लगेच त्यांचं मनगट धरलं. डॉक्टरांनी त्यांना नाडी बघायला शिकवलंय. औषधं चालू आहेत, पण ठोके चुकतात का ते बघायचं. आप्पा ते घरात बघतात, रस्त्यात बघतात, चालून आल्यावर बघतात. आमच्या रांगेत इतकी वर्षं राहिले, पण चारचौघांत त्यांनी आक्कांचा हात धरलेला मी कधी बघितला नव्हता.

समोर माणसं होती, कॉलेजची पोरं होती. आक्कांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी हात ओढून घेतला. "बास."

"थांब गं. निम्म्यात सोडवती. परत पहिल्यापासनं बघाया लागतंय."

माझी गाडी लागली. मी खिडकीशी बसले. आप्पा घड्याळाकडं डोळे लावून ओठ हलवत होते. माझ्याकडं बघायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. आक्कांनी हात ओढणं सोडून दिलं होतं. मान दुसरीकडं वळवून त्या फलाटावर लागणाऱ्या गाड्यांकडं बघत होत्या. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत आप्पांनी मनगट सोडलं नव्हतं.